तळ्यावर कोण होतं

वुडलँड्स, सिंगापूर
रविवार, ३१ ऑगस्ट २०१४

प्रिय प्रबोध,

सप्रेम जय भीम. सुलेखालाही सांग.

बाबा अमेरिकेहून सुखरूप पोचल्याचं फोनवर कळवलंच होतं. विमानात झोप लागली नाही म्हणाले, पण घरात पाऊल टाकल्या टाकल्या चहा मागितला, त्यावरून तब्येत ठीक आहे असं समजायचं. गुडघ्याला तू दिलेला पट्टा रोज बांधतात. अंजलीने लिटल इंडियातून ज्वारीचं पीठ आणून ठेवलं होतं. भाकरी आणि ठेचा खाऊन झाल्यावर म्हणाले, "आता पोचलो." अंजली खूश.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. स्काइपवर बाबा माझ्या शेजारीच बसलेले असतात, आणि आमचा फ्लॅट एवढासा की स्वयंपाकघरात कुजबुजलेलं हॉलमध्ये कळतं. पूर्वी हॉस्टेलवरून मी तुला लिहायचो तसंच लिहितो. तेव्हा तू उत्तर द्यायचा नाहीस, आता दे.

बातमी अशी काही नाही. जाईची सहावीची बोर्डाची परीक्षा पुढच्या वर्षी आहे, पण इथे त्याचं वातावरण आतापासूनच तापवतात. माझ्या लॅबमध्ये नवा प्रोजेक्ट आलाय. बाकी घरात सध्या एकच विषय असतो, तुझं तळं.

खोटं वाटेल, पण सकाळच्या चहापासून तेच चालू आहे. तुमची ती आर.व्ही. बाबा तिला 'बिऱ्हाडगाडी' म्हणतात. गाडीतच ओटा कसा, फ्रीज कसा, जेवायचं टेबल खाली पाडलं की त्याचाच पलंग कसा होतो, स्टेट पार्कात तळ्याच्या काठाला गाडी उभी केली की खांबाला वायर जोडायची आणि नळाला नळी लावायची, झालं घर. शेजारच्या तंबूतल्या गोऱ्या पोरांनी त्यांना भाजलेलं कणीस कसं आणून दिलं. तू त्यांना नाव वल्हवून तळ्याच्या मध्यापर्यंत कसं नेलंस. आणि हात धरून त्यांना पाण्यात कसं बसवलंस.

सगळ्यात आवडता भाग म्हणजे मैल्याची टाकी. निघायच्या दिवशी गाडीखालची नळी काढून टाकी रिकामी करायची असते आणि ते ज्याचं त्यानेच करायचं असतं. तू हातमोजे घालून केलंस. तुझ्या मागे रांगेत एक दाताचा डॉक्टर होता, त्यानेही स्वतःच केलं. बाबा हे आमच्या ब्लॉकखाली बसणाऱ्या चिनी म्हाताऱ्यांना त्यांच्या कचेरीतल्या इंग्रजीत समजावून सांगतात. "डॉक्टर ऑल्सो. बाय हिज ओन हँड." म्हातारे माना डोलावतात. एकाने मला लिफ्टमध्ये विचारलं की तुझा भाऊ सांडपाण्याच्या खात्यात आहे का.

जाई म्हणते, "आजोबा, अगेन अह, द लेक स्टोरी?" पण ऐकते. मीही ऐकतो.

मीही त्यांना फिरवलं. पक्ष्यांचं उद्यान, वनस्पती उद्यान, खाडीकाठची ती उंच हॉटेलं, मरीन परेडला आमच्या सरांच्या आलिशान फ्लॅटवर जेवण. प्रत्येक ठिकाणी म्हणतात, "छान आहे. स्वच्छ आहे." तपासणीला आलेल्या साहेबाने शेरा मारावा तसं.

तुला हसू येईल, पण आपल्यात आठ वर्षांचं अंतर आहे आणि त्या आठ वर्षांत बाबा बदलले. मला मिळाले ते कनिष्ठ कारकून बाबा. पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून आले की सायकल भिंतीला टेकवून आधी माझी वही मागायचे. पाढा चुकला की पट्टी. तू शाळेत जायला लागलास तोवर बढती झाली होती, स्कूटर आली होती, आणि साहेबांबरोबर धरणावर जाताना ते तुला स्कूटरवर पुढे उभं करून न्यायचे. तिथल्या विश्रामगृहातलं आमलेट तू घरी येऊन चवीने वर्णन करायचास आणि मी कोपऱ्यात बसून गणितं सोडवत असायचो. आई म्हणायची, "त्यांनी सगळा जोर तुझ्यावर लावला, म्हणून प्रबोधच्या वेळी दमले." ती समजूत घालत होती की तक्रार करत होती, ते मला कधीच कळलं नाही. आता विचारायला ती नाही.

असो. मी एक तंबू आणलाय. पुढच्या आठवड्यात जाईला शाळेची सुट्टी आहे. इथे पुलाउ उबीन नावाचं एक बेट आहे, जुनी गावं, झाडी, समुद्राकाठी तंबू टाकायला जागा. तळंही आहे, खाणीत पाणी साचून झालेलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

ग्रीन कार्डाबद्दल तू विचारलं होतंस, बाबांना कायमचं तिकडे न्यायचं का म्हणून. त्यावर सवडीने लिहितो.

तुझा,
धम्मानंद

*

वुडलँड्स
रविवार, १४ सप्टेंबर २०१४

प्रिय प्रबोध,

जय भीम. तुझं ईमेल मिळालं. पत्राला ईमेलने उत्तर देणं तुलाच जमतं. ते तू अंजलीच्या पत्त्यावर का पाठवलंस हे विचारत नाही, पण तिने ते मोठ्याने वाचलं आणि 'दादा माझ्यावर जळतो की काय' या वाक्याला जाईसकट सगळे हसले.

उबीनची सहल छान झाली.

चांगीच्या धक्क्यावरून लाकडी बोट निघते. तिला वेळापत्रक नाही, माणसं भरली की सुटते. बाबांना हे फार आवडलं, "काळीपिवळीसारखं" म्हणाले. पलीकडे उतरलं की सिंगापूर एकदम संपतं. पत्र्याच्या छपराची घरं, सायकलींची दुकानं, सावलीत झोपलेली कुत्री. एका मलय बाईंच्या टपरीवर शहाळं प्यायलो. तंबू टाकणार असल्याचं पोलीस चौकीत कळवावं लागतं. तिथल्या शिपायाने बाबांना खुर्ची दिली, तर बाबांनी त्यालाही बिऱ्हाडगाडी सांगितली.

तंबू उभा करताना माझी पुरती शोभा झाली. दुकानातल्या मुलीने अगदी सहज उघडून दाखवला होता. इथे वाऱ्याने कापड एकीकडे आणि काठ्या दुसरीकडे. अंजलीने शेवटी माझ्या हातातून खुंट्या काढून घेतल्या. बाबा दगडावर बसून म्हणाले, "प्रबोधने बटण दाबलं की गाडीची छत्री बाहेर यायची." अंजलीने माझ्याकडे पाहिलं आणि पुढची खुंटी ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानडुकरं आली. खरोखरची, पिल्लांसकट. अंजलीने केलेल्या धपाट्यांची पिशवी तंबूबाहेर राहिली होती, ती डुकरिणीने आमच्या डोळ्यांदेखत पळवली. जाई ओरडली, "माय ब्रेकफास्ट, लाह!" आणि बाबा पोट धरून हसले. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. तुझ्या तळ्यावर डुकरं होती का? नसतील.

आदल्या संध्याकाळी मी त्यांना समुद्राच्या पाण्यात बसवलं. भरती हळूहळू चढत होती. पलीकडे चांगीचे दिवे लागायला लागले होते आणि डोक्यावरून विमानं उतरत होती. बराच वेळ बसलो. छान वाटलं त्यांना.

खाणीतलं तळंही पाहिलं, पण तिथे फार थांबलो नाही. बाबा जरा दमले होते. म्हणून दोन रात्रींऐवजी एकच राहून परतलो.

एक सहज विचारतो. तुझ्याकडे असताना बाबा नावांत गोंधळ करत होते का? किंवा आपण कुठे आहोत याबद्दल? काळजीचं नाही, वय झालंय. तरी आठवून लिही.

ग्रीन कार्डाचं पुढच्या पत्रात नक्की.

तुझा,
धम्मानंद

*

वुडलँड्स
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०१४

प्रिय प्रबोध,

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी बाबांनी स्वतः इस्त्री करून पांढरा शर्ट घातला, मेणबत्ती लावली आणि संपूर्ण वंदना म्हटली. एक शब्द चुकला नाही, एक सूर ढळला नाही. जाईला पुढे बसवलं होतं. ती अडखळली तिथे त्यांनी डोळे न उघडता तिला शब्द दिला. हे तुला आधी सांगतो, कारण पुढे जे लिहायचं आहे ते वाचताना हेही तुझ्या डोळ्यांसमोर असावं.

परवा रविवारी स्काइपवर जे झालं त्याबद्दल तू काहीच बोलला नाहीस. फोन केला नाहीस, ईमेल नाही. मी तुझ्या जागी असतो तर लगेच फोन करून भांडलो असतो.

बाबा तुला तळं सांगत होते. तुलाच. धम्माने मला तळ्यावर नेलं, धम्माने गाडी चालवली, धम्माने नाव वल्हवली. आणि शेवटी म्हणाले, "तूही यायला हवा होतास रे प्रबोध. तू कामातच असतोस." तू क्षणभर कॅमेऱ्याबाहेर गेलास. मग परत येऊन म्हणालास, "हो बाबा. पुढच्या वेळी नक्की येतो."

मी तुझ्यासमोर, त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो. मी एक शब्द बोललो नाही. तुला वाटलं असेल, दादालाही धक्का बसला. धक्का मला कधीच बसून गेला होता. हे महिनाभर चाललंय.

आता उबीनबद्दल जे लिहिलं नव्हतं ते लिहितो.

दुपारी अंजली आणि जाई तंबूपाशी थांबल्या आणि मी बाबांना घेऊन खाणीकडे गेलो. मनात हेच होतं की त्यांना एक तळं माझ्याकडूनही दाखवावं. सुंदर आहे रे. उभ्या खडकांच्या मध्ये हिरवं, शांत पाणी, आणि मधल्या झाडांवर बगळेच बगळे. बाबा पाहतच राहिले. मग खाली बसून पँटच्या घड्या घालायला लागले. म्हणाले, "चल, पाय सोडून बसू." तिथे कुंपण आहे. पोहणाऱ्या माणसाच्या चित्रावर लाल रेघ मारलेली पाटी आहे. मी म्हटलं, "बाबा, इथे पाण्यात उतरायला बंदी आहे."

एवढंच म्हटलं होतं.

त्यांनी पाटीकडे पाहिलं. मग पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या आणि माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. "चाल लवकर," म्हणाले. "कोनी पाह्यलं तं बापाले बोलतीन."

ही बोली मी त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. तू तर कधीच नसशील. नोकरीला लागल्यावर त्यांनी ती सोडली होती. आपल्या आजोबांशी बोलतानासुद्धा कचेरीतलं शुद्ध मराठी बोलायचे आणि आजोबा त्यावरून चिडायचे.

ते अनवाणी चालत होते, मला ओढत. वाट खडीची आहे. समोरून एक चिनी जोडपं सायकलवर आलं, "गुड आफ्टरनून अंकल" म्हणालं. बाबा वाट सोडून गवतात उभे राहिले, मान खाली घालून, ते जाईपर्यंत. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "बाबा, ही खाण आहे. फार खोल आहे. माणूस बुडेल म्हणून बंदी आहे. सगळ्यांनाच."

"सगळ्याईले?"

"सगळ्यांना. मलासुद्धा. ते आत्ता गेले ना, त्यांनासुद्धा."

"साहेबाईले बी?"

"साहेबांनासुद्धा."

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, मी थाप तर मारत नाही ना, असे. मग चपला खाली ठेवल्या आणि एकेक करून पायांत घातल्या. थोडं चालल्यावर नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अंजली चहा करते आहे का बघ." झालेलं त्यांना आठवत नव्हतं. मला मात्र पुढचा रस्ता दिसत नव्हता.

संध्याकाळी मी त्यांना समुद्रात बसवलं ते म्हणून. खरं सांगायचं तर दोन कारणं होती. एक हे, की कुठल्या तरी पाण्यात, कुंपण नसलेल्या, त्यांनी बसावं असं मला फार वाटलं. दुसरं कारण तू. तू बसवलं होतंस, मग मीही बसवणार. बापाचं असं झालेलं पाहूनही माणसाच्या मनात हे दुसरं येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा ते ओंजळीने पाणी घेऊन खांद्यावर ओतायला लागले. आणि म्हणाले, "धम्मा, त्या तळ्यावर तू मला असाच बसवला होतास. मानेपर्यंत पाणी होतं. मला वाटत होतं, आता कोणीतरी उठ म्हणेल. कोणी म्हणालं नाही."

हे त्यांनी तुला कधी सांगितलं होतं का? मला वाटतं नसेल. तळ्याची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली, त्यात कणीस होतं, नाव होती, दाताचा डॉक्टर होता, पण हे नव्हतं. गोष्टीतलं हे सगळ्यात आतलं त्यांनी काढलं आणि माझ्या नावावर करून टाकलं.

मी म्हणायला हवं होतं, बाबा, तो प्रबोध होता. मी म्हणालो, "हो बाबा."

पहिल्यांदा म्हणालो ते त्यांना परत गोंधळात टाकायला नको म्हणून. हे मी स्वतःला सांगितलं आणि ते काही अंशी खरंही आहे. पण घरी आल्यावर ते पुन्हा सांगायला लागले आणि मी पुन्हा हो म्हणालो. मग रोज. ब्लॉकखालच्या म्हाताऱ्यांना आता माझी ओळख "माय एल्डर सन, ही हॅज मोटर-हाउस" अशी करून देतात. मला इथे गाडी चालवण्याचं लायसन्स नाही, आणि तिकडे अमेरिकेत मी आठवडाभर बिऱ्हाडगाडी हाकून आलोय. मैल्याची टाकीही मीच रिकामी केली. ते सांगतात तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात, प्रबोध, तशी नजर मी तुझ्याकडे वळलेली लहानपणापासून पाहत आलोय. ती माझ्याकडे पहिल्यांदा वळली, आणि तीही न केलेल्या कामासाठी. मला नाही सोडवलं.

घरात फक्त जाईने हरकत घेतली. म्हणाली, "बट दॅट्स काकाज् वन, व्हॉट. यू कान्ट जस्ट टेक." मी तिला म्हटलं, आजोबांचं वय झालंय, त्यांना दुरुस्त करायचं नसतं. ती म्हणाली, "आजोबांचं नाही. तुझं म्हणतेय." एवढं वाक्य मराठीत बोलली. अंजलीने चपाती लाटता लाटता मान वर केली नाही.

आणि रविवारी, तू कॅमेऱ्याबाहेर गेलास तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. पहिल्यांदा मला आनंद झाला. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

आता आजाराचं. गेल्या महिन्यात मी त्यांना दवाखान्यात नेलं होतं, तिथून मोठ्या हॉस्पिटलमध्ये. तुला कळवलं नाही. डॉक्टरीण बाई तमिळ होत्या, फार शांतपणे बोलत होत्या. अकोल्याच्या कचेरीत होऊन गेलेल्या सगळ्या कार्यकारी अभियंत्यांची नावं बाबांनी ओळीने सांगितली. सकाळी काय खाल्लं ते मात्र सांगता आलं नाही. विस्मृतीच्या आजाराची सुरुवात आहे. गोळ्यांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. तू लिहिलंस की नावांचा गोंधळ सगळेच म्हातारे करतात. तसं नाही. तुझ्याकडेही झालं असणार. तू तेव्हा त्यांना तळं दाखवण्यात इतका आनंदात होतास की तुझ्या लक्षात आलं नसेल, आणि ते बरंच झालं.

बाई म्हणाल्या, आता घर बदलू नका. एकच जागा, तीच माणसं, तोच रस्ता. इकडून तिकडे नेलं की दर वेळी काहीतरी मागे राहून जाईल.

म्हणजे ग्रीन कार्डाचं उत्तर मिळालं. मी दोन पत्रं ते टाळत होतो, कारण मला नाही म्हणायचं होतं आणि कारण सापडत नव्हतं. आता कारण आहे. बाबा इथे आहेत म्हणून इथेच राहतील. माझी नोकरी आहे तोवर त्यांचा इथे राहण्याचा पास आहे, पुढचं पुढे. तुला वाटेल दादाने डाव साधला. मलाही तसं वाटतं. पण हळूहळू तेही विसरत जातील की मी कोण. त्यांना या घरात ठेवून घेण्याचा अर्थ तो आहे, हे मला बाईंनी सांगितलं तेव्हाच कळलं. तरीही मला ते हवे आहेत.

काल सोमवारी मी लॅबमधून लवकर आलो. तू पाठवलेले फोटो संगणकावर मोठे करून लावले आणि बाबांना शेजारी बसवलं. अंजली पाणी आणायच्या निमित्ताने दारात येऊन उभी राहिली. तळ्यातल्या नावेतला फोटो होता, वल्हं धरलेला तू, समोर नारिंगी जाकीट घातलेले ते.

मी विचारलं, "बाबा, हा कोण?"

"हा मी."

"आणि हा?"

चष्मा वर करून बारकाईने पाहिलं. "प्रबोध."

"तळ्यावर तुम्हाला प्रबोधने नेलं होतं बाबा. मी नव्हतो. गाडीही त्यानेच चालवली आणि पाण्यातही त्यानेच बसवलं."

मला वाटलं, आता त्यांचा चेहरा उतरेल. किंवा चिडतील. ते फोटोकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"मग तू कुठे होतास?"

"मी इथे होतो. सिंगापूरला."

"तुला नाही नेलं त्याने?"

"नाही बाबा."

"असं कसं," म्हणाले. खरोखर वाईट वाटलं होतं त्यांना, आवाजात कळत होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. वही तपासायचे तेव्हा तो हात माझ्या पाठीमागेच असायचा, पण ठेवलेला नसायचा. "मोठा भाऊ आहेस तू. आधी तुला विचारायला नको? एवढी मोठी गाडी, त्यात एका माणसाची जागा नव्हती? थांब, मी बोलतो त्याच्याशी."

अंजली पाण्याचा पेला ठेवून निघून गेली.

तेव्हा येत्या रविवारी ते तुला रागावतील, दादाला का नेलं नाहीस म्हणून. निमूट ऐकून घे. विसरले असतील तर तळ्याची गोष्ट तू त्यांना सांग, पहिल्यापासून, तुझ्या नावाने. मी शेजारी बसून ऐकेन आणि मध्ये बोलणार नाही. आणि डिसेंबरच्या सुट्टीत सुलेखाला घेऊन इकडे ये. बाबांना आपण दोघं मिळून पाण्यात बसवू, एका बाजूने तू आणि एका बाजूने मी. कोणी बसवलं हे नंतर ते ज्याच्या नावावर सांगतील त्याच्या नावावर राहू दे. उशीर करू नकोस. अजून फोटोत पाहून ते तुझं नाव सांगतात.

तुझ्यावर अजूनही जळणारा आणि तुझी वाट पाहणारा,
दादा